साडेचार एकर, अंजीर-सीताफळाची बाग, बजेट तीन लाख : जुना ट्रॅक्टर कोणता बघावा?

अंजीरवाली (ता. पुरंदर)

नमस्कार मंडळी. सासवडच्या पलीकडं आमची साडेचार एकर जमीन आहे. दोन एकर अंजीर, एक एकर सीताफळ, आणि राहिलेल्या दीड एकरात पावसाळी वाटाणा, त्याच्या मागनं कांदा नाहीतर ज्वारी. जमीन हलकी, खाली मुरूम, आणि सगळी तालीची (उताराला बांध घालून केलेले टप्पे). वरच्या तालीतनं खालच्या तालीत उतरायला एकच वाट आहे, तीही बैलगाडीच्या मापाची. अंजीर पंधरा बाय पंधरा फुटांवर आहे, पण फांद्या अशा खाली आल्यात की मोठा ट्रॅक्टर आत घातला की सायलेन्सर फांदीत अडकतो आणि फळ गळतं.

मिस्टर जेजुरीला एमआयडीसीत शिफ्टला असतात. शेती मी आणि सासूबाई बघतो, ट्रॅक्टरही मीच चालवणार. माहेरी चालवलेला आहे, रोटर (रोटाव्हेटर) मारता येतो, ट्रॉली मागं घेता येते. चारचाकीचं लायसन आहे.

स्वतःचा ट्रॅक्टर हवा तो वेळेसाठी. जूनमध्ये पाऊस पडून रान वापशावर (पेरणीजोग्या ओलीवर) आलं की गावातल्या प्रत्येकाला त्याच दोन दिवसांत ट्रॅक्टर लागतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी दहा-दहा एकरवाल्यांकडं जातो. आमच्या दीड एकरासाठी तो येईपर्यंत वापसा निघून गेलेला असतो. मुरमाड रान एकदा आवळलं की ढेकळं फुटत नाहीत आणि वाटाण्याची उगवण विरळ होते. फवारणीचंही तसंच. अंजिरावर तांबेरा दिसला की थांबून चालत नाही, आणि पाठीवरच्या पंपानं दोन एकर बाग फवारायची म्हणजे औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचतच नाही. भाड्यापोटी सालाला साधारण ४५ हजार जातात (रोटर एकरी १,५००, नांगरट एकरी २,५००, शिवाय सरी आणि शेणखताची वाहतूक).

सध्या तीन ट्रॅक्टर नजरेत आहेत.

एक, मॅसी १०३५, २०११ चा, बारामती भागातला. ट्रॉलीसकट २,६०,००० सांगतात. ऊसवाहतुकीला होता असं ऐकलं. दुसरा, कुबोटा बी २४४१, चारही चाकं ओढणारा, २०१८ चा, निफाडकडच्या द्राक्षबागेतला. ३,२०,००० सांगतात. तिसरा गावातलाच, महिंद्रा युवराज २१५, २०१४ चा, १,६०,००० ला देतो म्हणतात.

नवीन घेऊन कर्ज करायचं नाही, हे घरात ठरलंय. यातला कोणता बघावा, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं? रंग आणि टायर तर कुणालाही दिसतात.

---

काळीकसदार (लातूर)

ताई, मी तर सांगेन ४५ एचपीचाच घ्या. लहान ट्रॅक्टर घेतला की दोन वर्षांत माणूस मोठा शोधायला लागतो. आमच्याकडं सोयाबीन, तूर, हरभरा. काळी भारी जमीन, पलटी नांगर लावायचा म्हणजे ४० च्या खाली जमतच नाही. मोठा असला की गावात भाड्यानं कामं करून डिझेल आणि हप्ता दोन्ही निघतं. मॅसी मजबूत गाडी आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावी कुठल्याही दुकानात मिळतात. ट्रॉली मिळतेय तर सोडू नका.

---

अंजीरवाली (ता. पुरंदर)

दादा, सल्ल्याबद्दल आभार. पण भाड्यानं कामं करायला घरात माणूस नाही. मी दुसऱ्याच्या रानात रात्री अकराला रोटर मारायला जाणार नाही, आणि ड्रायव्हर ठेवला तर त्याच्या पगाराला कामं पुरली पाहिजेत. शिवाय पलटी नांगर आमच्या मुरमात लागत नाही. खोल नांगरट दोन-तीन वर्षांतनं एकदाच करतो.

---

पाना-स्पॅनर (मंचर)

ताई, ट्रॅक्टरचं गॅरेज आहे माझं, वडिलांच्या वेळेपासनं. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कामं सांगितली, ते फार चांगलं केलंत. बहुतेक जण आधी कंपनी विचारतात. तुमच्या कामाला २० ते २८ एचपी पुरतं. साडेतीन-चार फुटी रोटर, फवारणीचा एचटीपी पंप आणि टाकी, दोन फाळी सरी रेजर, एक टनाची ट्रॉली, एवढं तो आरामात ओढतो. खोल नांगरट भाड्यानंच करा. दोन-तीन वर्षांतनं एकदा लागणाऱ्या कामासाठी दीड टनाचा ट्रॅक्टर बागेत फिरवून मुळाजवळची जमीन दाबून टाकायची, हे अंजिराला परवडत नाही.

हिशोब मी असा करतो. तीन लाखांचा धड ट्रॅक्टर पाच वर्षं वापरून विकला तर दोन-सव्वादोन कुठं जात नाहीत. म्हणजे वर्षाला वीस हजार घट धरा. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बारीकसारीक काम मिळून पंधरा हजार. डिझेल, लहान ट्रॅक्टर रोटरला तासाला अडीच-तीन लिटर पितो. बेरीज केली तर तुमच्या ४५ हजारांच्या वरच जाते. तेव्हा भाडं वाचवायला ट्रॅक्टर घेत असाल तर घेऊ नका. वापसा गाठायला आणि फवारणी वेळेत व्हायला घेत असाल तर जरूर घ्या, कारण वाटाण्याची एक उगवण साधली की फरक भरून निघतो.

आता बघायचं कसं. जाण्याआधी फोनवर सांगा, "मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर, सायलेन्सरवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की थंड इंजिन सुरू होत नाही म्हणून आधीच तापवून ठेवलंय. अशा वेळी चहा घ्या, तासभर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन एका-दोन सेलमध्ये (स्टार्टरच्या झटक्यात) लागलं पाहिजे. सुरुवातीचा काळा धूर चालतो. निळा धूर चालूच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही गेला नाही तर नोझलपासून कॉम्प्रेशनपर्यंत काहीही निघू शकतं.

मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडा. वाफेसारखा हलका धूर असेल तर ठीक. भक-भक करून ठोके देत धूर वर येत असेल, तर पिस्टन रिंग, लायनर गेलेत. इंजिन उघडायचं म्हणजे तीन सिलिंडरच्या गाडीला आमच्याकडं पन्नास ते ऐंशी हजार लागतात. डिपस्टिक काढून ऑइलचा रंग बघा. काळं असेल तर हरकत नाही, पण दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर पाणी मिसळतंय. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, गरम असताना उघडलं तर तोंडावर उकळतं पाणी येतं.

क्लच बघायला वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा, क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुमत राहिलं तर प्लेट घसरतेय. प्रत्येक गिअरमध्ये चालवा आणि उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडा. गिअर आपोआप निघत असेल तर गिअरबॉक्सचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच सोडतात : हायड्रॉलिक. उभ्या गाडीवर लिफ्ट वर-खाली करून दाखवतील. ऑइल थंड असताना कुठलीही लिफ्ट उचलते. तुम्ही म्हणा, रोटर लावा आणि अर्धा-पाऊण तास रानात मारू द्या. ऑइल तापून पातळ झालं की खरं कळतं. मग रोटर पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि बाजूला उभ्या राहा, रोटरच्या खाली कुणी जायचं नाही. पाच-दहा मिनिटांत रोटर जमिनीला टेकला तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. चालू गाडीवर लिफ्ट उड्या मारत असेल, म्हणजे थोडी उतरते-चढते, उतरते-चढते, तर तेच दुखणं आहे. बागेत फवारणीची टाकी लिफ्टवर घेऊन फिरायचं असेल तर हे सोसणार नाही.

पुढचं चाक जॅकवर घेऊन हातानं हलवा, किंगपिन आणि बुशचा प्ले (ढिलेपणा) कळतो. मीटरच्या तासांवर जाऊ नका, मीटर बदलतात. क्लच पेडलचं रबर, सीट, पीटीओच्या (मागं जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टचे दाते यावर गाडी किती चाललीय ते लिहिलेलं असतं.

ऊसवाहतुकीच्या गाडीबद्दल. कारखान्याचा हंगाम मार्चच्या आसपास संपला की असल्या गाड्या विकायला निघतात, रंग मारून. मागचा हुक अडकवायचं भोक बघा. गोल असायला हवं, ओढून ओढून लांबट झालेलं असेल तर त्या गाडीनं दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलाय. तसंच मागच्या टायरच्या गुट्ट्या, म्हणजे रबराचे उंचवटे. रानात चाललेल्या गाडीच्या गुट्ट्या कडेनं झिजतात, डांबरीवर चाललेल्याच्या मधोमध सपाट होतात. अशा गाडीचा क्लच, ब्रेक, डिफरन्शियल सगळं थकलेलं असतं. मॅसी १०३५ गाडी म्हणून चांगलीच, ३६ एचपी, साधं इंजिन, माझ्याकडं वीस-वीस वर्षांच्या येतात. पण ती कुणाकडं कशी चालली हे बघूनच घ्यायची. आणि तुमच्या त्या वाटेनं ती खालच्या तालीत उतरणार आहे का, ते आधी टेपनं मोजा.

शेवटचं म्हणजे, कुठलाही घ्या, पण घेण्याआधी सासवडला जाऊन तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीला विचारा की हे इंजिन तुम्ही उघडलंय का, भाग कुठनं आणता. त्यानं मान हलवली नाही तर तो ट्रॅक्टर तुमच्यासाठी नाही.

---

द्राक्षवाला (पिंपळगाव बसवंत)

मिस्त्रीकाकांनी छान सांगितलं. मी फक्त द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरबद्दल लिहितो, कारण आमच्या भागातनं दरवर्षी कितीतरी लहान ट्रॅक्टर तुमच्याकडं, सांगोल्याकडं, डाळिंबवाल्यांकडं जातात.

बागेतला ट्रॅक्टर नांगरटीला फारसा जुंपलेला नसतो. त्यामुळे गिअर, डिफरन्शियल सहसा चांगलं मिळतं. पण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी, भुरी या रोगांसाठी फवारण्या एकामागून एक चालतात आणि ब्लोअर पूर्ण पीटीओवर फिरतो. म्हणून पीटीओचं बेअरिंग आणि मागचं ऑइल सील आधी बघा. पीटीओ सुरू करून शाफ्टजवळ कान द्या, खरखर ऐकू आली तर काम आहे. शाफ्टच्या मुळाशी ऑइलचा ओलावा असेल तर सील गेलंय.

दुसरं म्हणजे औषधाचा गंज. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलेल्या गाडीच्या नटबोल्टच्या खाचांत, मडगार्डच्या आतल्या बाजूला निळसर-हिरवा थर बसलेला असतो. बाहेरनं पॉलिश केलं तरी तिथं तो राहतोच. बोटानं खरवडून बघा, खालचा पत्रा पोपडे सुटत असेल तर वायरिंगची जोडणीही तशीच असणार. सेल, अल्टरनेटर, हेडलाइट, सगळं चालू करून बघा. रेडिएटरच्या जाळीत औषध आणि धूळ बसून ती बुजलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात गाडी तापते. टॉर्च पलीकडनं मारून उजेड येतो का पाहा.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरच्या मापाचं प्रमाण कंपनीनं ठरवलेलं असतं. पुढचे टायर झिजल्यावर काही जण गावात मिळेल त्या मापाचे बसवतात. मग पुढची चाकं मागच्यांपेक्षा कमी-जास्त पळायला बघतात आणि कडक रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावली की पुढच्या अ‍ॅक्सलच्या गिअरवर ताण येतो. टायरवरचं माप वाचा आणि कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. दोन्ही पुढच्या चाकांच्या आत, चाक वळतं त्या सांध्याजवळ ऑइल झिरपतंय का तेही बघा. पुढच्या अ‍ॅक्सलचं काम महाग असतं आणि भाग मागवावे लागतात.

तुमच्या तालीच्या रानात चारही चाकांची ओढ मात्र खरंच कामाला येते. ओल्या मुरमावर चढताना दोन चाकांची हलकी गाडी घसरते.

भावाबद्दल : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्याचा भाव मात्र बरेच जण अजून आधीच्या हिशोबानं सांगतात. नव्याची आजची किंमत शोरूममधनं लेखी घेऊन जा, बोलणी सोपी होतात.

---

आरसी-टीटी (अहिल्यानगर)

कागदांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बरीच वर्षं आरटीओ कामांत आहे.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, आणि बोजा म्हणजे हायपोथिकेशन दिसतं. बोजा असेल तर विकणाऱ्याकडनं बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्या. "हप्ते फिटलेत, एनओसी नंतर देतो" यावर पैसे मोकळे करू नका. हप्ते फिटले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपले टीटी फॉर्म. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतनं गाडी आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते का, ते त्या कार्यालयात विचारून घ्या. इंजिन आणि चासी नंबर आरसीवरच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा असतील तर तिथनंच परत या.

पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून ट्रॅक्टर घेतला, नावावर मात्र केलाच नाही, असे लोक प्रत्येक गावात आहेत. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो आणि कोर्टाचे खेटे दोघांच्याही मागं लागतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते हेही लक्षात ठेवा. बारामतीच्या त्या ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली मिळतेय, तर तिचं आरसी मागा.

आणखी एक. तो २०११ चा आहे, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं यंदाच भरतायत. पुढं वापरायचा तर तपासणी करून पुनर्नोंदणी करावी लागेल. तो खर्च आणि फेऱ्या कुणी करायच्या ते व्यवहारातच ठरवा.

लायसनची काळजी करू नका, हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर शेतीचा ट्रॅक्टर चालवता येतो.

---

अंजीरवाली (ता. पुरंदर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं आणि भावाला सोबत घेऊन तिन्ही बघून आले. आमच्या मिस्त्रींनाही निफाडला नेलं, त्यांचा दिवसाचा रोज दिला. कळलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

बारामतीचा मॅसी लांबनं देखणा होता, ताजा लाल रंग. मी आधी मागं गेले. हुकाचं भोक बोटानं चाचपलं तर वरच्या बाजूला चांगली खाच पडलेली, रंगाचा थर त्या खाचेतही दिलेला. मागच्या टायरच्या गुट्ट्या मधोमध हाताच्या तळव्यासारख्या सपाट. ट्रॉलीचे कागद विचारले तर "ट्रॉलीला कोण विचारतं" म्हणाले. इंजिन सुरूही करायला लावलं नाही. तसाही आमची वाट मोजली तर सर्वांत अरुंद जागी पावणेसहा फूट निघाली, आणि एका अंगाला ताल ढासळलेली. मागं रोटर लावून तिथनं वळायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

गावातला युवराज मला मनातनं आवडला होता. मालक ओळखीचे, गाडी शेडमध्ये असायची. सुरू एका सेलमध्ये झाला, झाकणातनं धूर नाही. पण दोन गोष्टी आड आल्या. एक सिलिंडरची १५ एचपी गाडी, आमच्या मधल्या तालीचा चढ चढताना रिकामा रोटर उचललेला असूनही पुढचं चाक हलकं व्हायला लागलं. पुढं वजन लावता येईल, पण टाकीत दोनशे लिटर पाणी भरून मला त्या चढावर जायचंय. दुसरं म्हणजे आरसी त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तीन भाऊ, दोन बहिणी. आधी वारसाच्या नावावर होईल, मग माझ्या. त्यांनी ते करून घेतलं तर सपाट रान असलेल्या कुणालाही मी तो ट्रॅक्टर डोळे झाकून सुचवीन.

निफाडचा कुबोटा. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट थंडगार होतं, मालकांनी शब्द पाळला. लगेच लागला. ऑइल काळं पण स्वच्छ. रोटर लावून त्यांच्याच मोकळ्या तुकड्यात पाऊण तास मारला, मीच चालवला. पॉवर स्टेअरिंग असल्यानं वळणावर हाताला ओढ नाही, क्लचही हलका. मग रोटर वर करून इंजिन बंद केलं आणि सगळे बाजूला उभे राहिलो. चहा होईपर्यंत दोन बोटं खाली आला, त्यापेक्षा जास्त नाही. मिस्त्री म्हणाले, आठ वर्षांच्या गाडीला हे उत्तम.

मग दोष निघाले. मडगार्डच्या आत निळसर थर होताच, पण पत्रा शाबूत. मागचा एक लाइट बंद, वायर कुजलेली. रेडिएटरची जाळी अर्धी बुजलेली, टॉर्चचा उजेड खालच्या बाजूनं येतच नव्हता. पीटीओच्या मुळाशी ओलावा. आणि द्राक्षवाले दादा, तुमचा मुद्दा अगदी खरा ठरला. पुढचे टायर बदललेले होते आणि माप पुस्तिकेतलं नव्हतं. मालकांना स्वतःलाच माहीत नव्हतं, दुकानदारानं बसतायत म्हणून बसवून दिलेले.

मिस्त्रींनी तिथंच कागदावर खर्च मांडला. दोन टायर, पीटीओ सील, वायरिंग, रेडिएटर साफ करणं. नव्या गाडीचं कोटेशन मी सोबत नेलंच होतं. बोलून बोलून २,८०,००० ला ठरलं. वीस हजार विसार दिला आणि साध्या कागदावर लिहून घेतलं की बँकेची एनओसी, फॉर्म ३५ आणि सह्या केलेले टीटी फॉर्म मिळाल्यावरच बाकीचे पैसे. अ‍ॅपवर बोजा दिसतोय, पण कर्ज फिटल्याचा दाखला त्यांच्याकडं आहे, एनओसीसाठी ते बँकेत अर्ज देणार आहेत.

आता दोन प्रश्न. निफाडवरनं तो आणायचा कसा, चालवत आणला तर चालेल का? आणि रोटर साडेतीन फुटी घ्यावा की चार फुटी?

---

पाना-स्पॅनर (मंचर)

ताई, व्यवहार चोख केलात. २,८० भाव रास्त आहे.

चालवत आणू नका. दोनशे किलोमीटरच्या वर डांबरी, आणि पुढचे टायर चुकीच्या मापाचे. टेम्पोत चढवून आणा. चढवताना फळ्या नीट टेकवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ चढवा, क्लचला पाय लावू नका. आत गेल्यावर चारही बाजूंनी साखळदंड बांधा आणि गिअरमध्ये ठेवा. निघायच्या आधी विमा चालू आहे का बघा.

घरी आल्यावर रानात घालण्याआधी सगळी ऑइलं बदला : इंजिन, गिअरबॉक्स-हायड्रॉलिक, पुढचा अ‍ॅक्सल. आधीच्या मालकानं कुठलं ऑइल टाकलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचं घ्या. हायड्रॉलिकचा फिल्टर बदलताना जुना कापून बघा, त्यात लोखंडाचा चुरा सापडला तर मला फोटो पाठवा. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवे. नवे टायर येईपर्यंत पुढची चाकं जोडायचा दांडा लावू नका, दोन चाकांवरच चालवा.

रोटर साडेतीन फुटी घ्या. चार फुटी तो ओढेल, पण तुमच्या मुरमात दगड-गोटे येणार, आणि चढावर चार फुटी लावला की इंजिन दबतं. पाती घेताना एल आकाराची घ्या. रोटरचा शाफ्ट लांबीनं जुळतोय का ते रोटर पूर्ण उचलून आणि पूर्ण खाली सोडून, दोन्ही वेळा बघा, नाहीतर पहिल्याच बांधावर शाफ्ट आतनं टेकतो आणि पीटीओचं नवं सील परत जातं.

तालीच्या कडेला मात्र दोन हात सोडूनच वळवा. गाडी अरुंद आहे, मागच्या चाकांचं अंतर पुस्तिकेप्रमाणं वाढवता येत असेल तर बागेच्या मापात बसेल एवढं वाढवून घ्या. भरलेली टाकी घेऊन उतरताना क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, खालच्याच गिअरमध्ये उतरवायची.

---

अंजीरवाली (ता. पुरंदर)

काका, सगळं लिहून घेतलं. टेम्पो इथनंच ठरवते, परतीच्या भाड्यात मिळाला तर बघते. एनओसी आली की इथं कळवीन, आणि फिल्टर कापून फोटो पाठवते. ढासळलेली ताल उन्हाळ्यातच बांधून घ्यायचं सासूबाईंनी मनावर घेतलंय, गवंडी सोमवारी येतोय.